पोच

मराठीचा तास घेताना वर्षातून एकदा तरी मी मुलांना ‘पोच’ या शब्दाचा अर्थ विचारतो. पहिल्या बाकावरची एखादी मुलगी लगेच सांगते, “सर, पोच म्हणजे पावती. पत्र मिळाल्याचं कळवणं.” मागल्या बाकावरून दबका आवाज येतो, “सर, आमची आजी म्हणते, तुला मेल्या काही पोच नाही!” वर्ग हसतो. मीही हसतो आणि फळ्यावर दोन आकडे घालून दोन अर्थ लिहितो : एक, मिळाल्याची खूण, दोन, समज. वीस-बावीस वर्षं मी हे दोन अर्थ असे वेगवेगळे लिहीत आलो. गेल्या वर्षापासून मात्र खडू हातात घेतला की माझा हात जरा थबकतो. का थबकतो ते सांगण्यासाठीच या दिवाळीत संपादकांकडून सदराला नेहमीपेक्षा जास्त जागा मागून घेतली आहे.

या सदराचे नेहमीचे वाचक मला शुद्धलेखनाच्या, घरभाड्याच्या आणि आमच्या सौ.च्या लोणच्याच्या गोष्टी सांगणारा मास्तर म्हणून ओळखतात. या मास्तरापाशी केंद्र सरकारचा हौशी रेडिओचा परवाना आहे आणि गच्चीवर एक अ‍ॅल्युमिनियमची काठी आहे, ही गोष्ट मी आजवर लपवून ठेवली होती. सोसायटीच्या अध्यक्षांना ती काठी कपडे वाळत घालण्यासाठी आहे असं वाटतं. त्यांचा तो गोड गैरसमज हा लेख वाचून दूर होईल. पण आता त्याला इलाज नाही.

या नादाची सुरुवात १९९६ साली वाईत झाली. कॉलेजसाठी मी वाईला आलो आणि गणपती आळीतल्या एका वाड्यात माडीवरची खोली भाड्यानं घेतली. वाड्याचे मालक अण्णा. सारी हयात तारखात्यात गेलेली. त्याच वर्षी ते पेन्शनीत निघाले होते. पण बोटांना निवृत्ती माहीत नव्हती. जेवताना ताटाच्या कडेवर, झोपाळ्यावर बसले की कडीवर त्यांचं कट्ट-कडकट्ट चालूच असे. काकू म्हणत, “माझ्याशी दोन शब्द बोलायचे नाहीत, आणि ताटाशी तासन्‌तास बोलतात!” रात्री मात्र अण्णा माळवदाखालच्या खोलीत रेडिओ लावून बसत आणि मोर्सच्या त्याच कडकट्टात मद्रास, कोलंबो, कधी जपान अशा गावच्या अनोळखी माणसांची ख्यालीखुशाली विचारीत. मी शेजारी जाऊन बसू लागलो. काकू दोघांना दूध आणून देत. तीन वर्षांत अण्णांनी माझ्याकडून मोर्स घोटून घेतला, परीक्षेला बसवलं, आणि १९९९ साली मलाही परवाना मिळाला.

त्यानंतर आमच्या डोक्यात पाकिटांचं खूळ शिरलं. इंग्रजीत याला पॅकेट रेडिओ म्हणतात. मला आपला ‘पाकीट’ हाच शब्द बरा वाटतो. कल्पना अगदी टपालखात्यातली आहे. लांबलचक पत्राचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा पाकिटात घालायचा, पाकिटावर कुणाचं, कुणाला, कोणत्या मार्गानं हे लिहायचं, वर अनुक्रमांक घालायचा आणि शेवटी बेरजेची एक खूण करायची. वाटेत एखादं अक्षर बिघडलं तर ती बेरीज चुकते आणि घेणाऱ्याला कळतं. हे सगळं संगणक करतो. तो अक्षरांचे दोन सूर करतो, एक १२०० कंपनांचा आणि एक २२०० कंपनांचा, आणि सेकंदाला १२०० या गतीनं ते सूर साध्या रेडिओवरून सोडतो. कानाला ते मिक्सरमध्ये खडे पडल्यासारखं लागतं. अण्णांनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर शास्त्रीय गवयाला बँड ऐकवल्यासारखे भाव होते.

पण त्या कर्कश आवाजामागची रीतभात कळल्यावर ते विरघळले. बोलण्यापूर्वी हे यंत्र आधी ऐकतं. कुणी बोलत असेल तर गप्प बसतं. शांतता झाली तरी लगेच तोंड उघडत नाही. मनातल्या मनात एक फासा टाकतं. चारांत एक असं दान पडलं तर बोलतं, नाहीतर क्षणभर थांबून पुन्हा फासा टाकतं. कारण आणखी कुणी तितकाच वेळ दबा धरून बसलेला असेल तर दोघं एकदम बोलतील आणि दोघांचंही वाया जाईल. (आमच्या स्टाफरूममध्ये ही पद्धत सुरू करावी असं मी एकदा सुचवून पाहिलं. तेव्हाही चौघं एकदम बोलले.) आणि बोलून झालं की यंत्र पोचेची वाट पाहतं. समोरून “तिसऱ्यापर्यंत मिळाली, आता चौथं” असा इशारा आला तर पुढचं पाकीट. नाही आला तर तेच पुन्हा. साधारण दहा वेळा प्रयत्न करायचा, आणि मग उत्तर नाही असं समजून संबंध सोडायचा. न चिडता.

ही रीत काही एका रात्रीत झालेली नाही. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर विद्यापीठाचे संगणक बेटाबेटांवर विखुरलेले होते. तारा टाकायच्या कशा? तेव्हा प्राध्यापक नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली रेडिओवरून पाकिटं पाठवून दाखवली. त्या जाळ्याचं नाव ‘अलोहानेट’. आदळआपट झाली तर थोडं थांबून पुन्हा बोलायचं ही शिस्त तिथली. आज कचेऱ्यांतून संगणक जोडणारं इथरनेट त्याच विचारातून पुढे आलं. हौशी मंडळींनी १९७८ साली कॅनडात मॉन्ट्रिअलला हा प्रयोग आपल्या हाती घेतला, आणि १९८४ पर्यंत अमेरिकेत त्याचे नियम छापून निघाले. ‘एएक्स २५’ हे त्या नियमावलीचं नाव. एखाद्या रसायनाचं वाटावं असं ते नाव आहे; पण मला विचाराल तर ते शिष्टाचाराचं पुस्तक आहे.

आमच्या शिष्टाचाराला लागणारं तयार यंत्र विकत घेण्याची ऐपत नव्हती. मग जर्मनीतल्या हौशी लोकांनी काढलेल्या ‘बेकॉम’ नावाच्या मॉडेमचा नकाशा मिळवला. त्यात मुख्य चिप एकच. ती मी पुण्याला बुधवारातल्या तपकीर गल्लीत दोन दिवस हिंडून पैदा केली. तिला लागणारा स्फटिक मात्र वाईतच सापडला. तो ४.४३ मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे रंगीत टीव्हीत असतो तोच. मंडईजवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानं मोडीतल्या संचातून उपटून दिला आणि वर चहा पाजला. संगणक जुनाट होता, पण तेवढं काम त्याला झेपत असे.

पुढे २००३ साली मला साताऱ्याला नोकरी लागली. साताऱ्याच्या आणि वाईच्या मध्ये डोंगर आहेत, आणि या लहरी डोंगर ओलांडीत नाहीत. मार्ग निघाला तो पाचगणीतून. तिथे स्ट्रॉबेरी करणारे एक दादा परवानाधारक होते. पठाराच्या कडेला त्यांचं घर. खाली एका अंगाला वाई दिसते, दुसऱ्या अंगानं साताऱ्याकडचा मुलूख मोकळा. त्यांच्या घरावर आम्ही एक यंत्र बसवलं. त्याचं काम एवढंच, की आलेलं पाकीट ऐकायचं आणि जसंच्या तसं पुढे म्हणून दाखवायचं. एक गोष्ट इथे सांगून ठेवतो, कारण पुढे तिचा संबंध आहे. मधलं यंत्र पोच देत नाही. पोच ज्याच्या नावचं पाकीट असेल त्याच्या यंत्रानंच द्यायची.

रोज रात्री नऊ वाजता आमचं टपाल चालू होई. हौशी रेडिओच्या जुन्या नियमांत एक मजेदार कलम होतं : खाजगी मजकूर असा क्षुल्लक असावा, की त्यासाठी सार्वजनिक तारसेवेचा खर्च करणं योग्य ठरू नये. तारखात्यातल्या माणसाला या कलमाचं कोण कौतुक! “आपण देशातले अधिकृत क्षुल्लक बोलणारे आहोत,” असं अण्णा म्हणत. मजकूर मराठी, लिपी मात्र नाइलाजानं रोमन. त्यातून एकदा अण्णांनी ‘उद्या भट येणार नाही’ असं कळवलं, ते मी ‘भात येणार नाही’ असं वाचलं आणि साताऱ्याहून पाच किलो आंबेमोहोर घेऊन काकूंच्या सत्यनारायणाला हजर झालो. पूजेला भटजी नव्हते. काकूंनी तांदूळ मोजून घेतले आणि पोथी माझ्या हातात ठेवली. “मराठीचा मास्तर ना तू? मग वाच!”

मग माझं लग्न झालं, मुलगी झाली, परीक्षांचे गठ्ठे वाढले, खिशात मोबाइल आला. रेडिओ कुणी टाकून देत नाही. तो नुसता राहून जातो. मी संगणक चालूच ठेवला होता. पडदा तेवढा बंद. आलेला निरोप घेऊन साठवण्याची सोय त्यात होती, तेव्हा ‘सवडीनं वाचू’ अशी माझी समजूत. २००७ च्या दसऱ्याच्या सुमारास आम्ही घर बदललं आणि सगळं सामान खोक्यात भरून माळ्यावर गेलं.

त्याच दिवाळीत एका जुन्या सोबत्याकडून कळलं, की काकू पितृपक्षाच्या तोंडाशी गेल्या. मी तडक वाईला गेलो. अण्णा झोपाळ्यावर बसले होते. कडीवर बोटं नव्हती. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझी पोच मिळाली होती.” मला काही उमगलं नाही. न उमगलेल्या गोष्टीला मान डोलावण्याची आम्हां मास्तर लोकांना सवय असते. मी म्हणालो, “हो.” अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन चहा टाकला. त्यानंतर मी वाईला गेलो नाही. काहीतरी चुकलं होतं एवढं कळत होतं. काय ते कळत नव्हतं, आणि विचारण्याचं धैर्य नव्हतं.

यानंतर मध्ये चौदा वर्षं गेली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. माझी थोरली बहीण चिपळूणची. सकाळी फोनवर “पायरीपर्यंत आलंय” एवढं ती बोलली, आणि मग तिचाच नव्हे, त्या गावात कुणाचाच फोन लागेना. दोन दिवस. दुसऱ्या रात्री मी माळ्यावर चढलो आणि खोकं खाली काढलं. रेडिओवर धूळ होती, पण दिवा लागला. आणि मग मी त्या दिव्याकडे बघत बसलो. हा रेडिओ घेऊन बोलू कुणाशी? पाचगणीच्या दादांचा खांब केव्हाच वादळात पडलेला. अण्णांशी चौदा वर्षांत शब्द नाही. चिपळुणात माझं ऐकायला कुणी बसलेलं नाही. २००४ साली त्सुनामी आली तेव्हा अंदमानात हौशी रेडिओवाल्यांची एक तुकडी आधीच हौसेखातर यंत्रं मांडून बसलेली होती, म्हणूनच तिथले निरोप बाहेर पोचवायला तिची मदत झाली. जाळं आधी विणलेलं असावं लागतं. ते रोजच्या क्षुल्लक गप्पांनी विणलं जातं, आणि आम्ही त्या गप्पा बंद केल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ताईचा आवाज ऐकला. सगळी सुखरूप होती. आणि वाचकहो, लाज वाटते सांगायला, खोकं पुन्हा माळ्यावर गेलं.

ते कायमचं खाली आलं २०२४ च्या आषाढात. एक पोस्टकार्ड आलं. अक्षर थरथरतं, पण ओळी तारेच्या फॉर्मवर असतात तशा मोजून :

“कान पूर्ण गेले. यंत्र लावूनही उपयोग नाही. फोन बंद, मोर्स बंद. पाकिटांना कान लागत नाहीत असे स्मरते. तुझ्याकडे मॉडेम आहे का? पाचगणीचे दादा खांब उभा करतो म्हणतात. दोघे जुळत नाहीत, तिसरा हवा. अण्णा.”

ज्या माणसानं आयुष्यभर कानांवर पोट भरलं, देशोदेशीच्या गर्दीतून एक बारीक सूर वेचून काढला, त्याला आता त्या मिक्सरातल्या खड्यांचा आधार उरला होता. कारण ते खडे त्याच्या वतीनं संगणक ऐकतो. अण्णांच्या नातवानं त्यांना मोबाइल दिलेला आहे आणि त्यावर रोज सकाळी फुलांची चित्रं आणि सुविचार येतात, हे मला मागाहून कळलं. ते म्हणाले, “ती सगळ्यांना येतात. मला येत नाहीत.”

मी खोकं उघडलं. जुना संगणक काही उठला नाही. आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या एका विद्यार्थ्यानं त्यातली चकती काढून आपल्या संगणकाला जोडली. मला मॉडेमच्या जुन्या नोंदी तेवढ्या हव्या होत्या. “सर, यात निरोपांची एक फाइल आहे,” तो म्हणाला. शेवटचा निरोप १८ ऑगस्ट २००७, रात्री ९ वाजून ४ मिनिटांचा होता. रोमन अक्षरांत :

“काकूला बरं नाही. तुझी आठवण काढते. रविवारी जमल्यास ये.”

माझ्या यंत्रानं तो निरोप घेतला होता. बेरीज तपासली होती. एक अक्षर बिघडलेलं नव्हतं. आणि तत्काळ, नियमाप्रमाणे, माझ्या नावानं पोच दिली होती. अण्णांनी दुसऱ्यांदा का कळवलं नाही हे विचारण्याची मला गरज पडली नाही. ते तारखात्यातले. पोच मिळालेला निरोप पुन्हा पाठवायचा नसतो. विद्यार्थी म्हणाला, “सर, छापून देऊ?” मी म्हटलं, “नको. मला पाठ झालाय.”

श्रावणात सगळं सामान घेऊन मी वाईला गेलो. सामान म्हणजे तरी काय! आता मॉडेमही लागत नाही. संगणकाच्या आवाजाच्या खाचेतच ते काम होतं. ‘डायर वुल्फ’ नावाचा एक प्रोग्रॅम अमेरिकेतल्या एका हौशी गृहस्थानं लिहून सर्वांना फुकट दिलेला आहे, तो घालायचा की झालं. पाचगणीच्या घरावर पत्त्याच्या कॅटएवढा एक संगणक बसला, त्याचं नाव ‘रास्पबेरी पाय’. जन्मभर स्ट्रॉबेरी केलेल्या दादांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “याला पाणी किती लागतं?”

वाईला अण्णांनी दार उघडलं. शहाऐंशी वर्षं. मी नमस्कार केला. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ओरडून सांगण्यासारखं त्यातलं काहीच नव्हतं. आणि वाड्यात सून, नातू, शेजारी सगळेच आजूबाजूला. मी मुकाट्यानं तारा जोडू लागलो. अण्णांची लॉगची वही टेबलावर होती. नियमाप्रमाणे प्रत्येक बोलण्याची नोंद तीत. मी पानं उलटली नाहीत. पण ती आधीच एका पानावर उघडलेली होती, आणि त्या पानाची शेवटची ओळ होती : १८-८-०७, २१.०४, निरोप दिला, पोच मिळाली. तिच्याखाली सतरा वर्षं कोरा कागद.

पहिल्या दिवशी काहीच साधलं नाही. पाचगणीहून दादांचा फोन : “आवाज येतोय, पण पाकीट सुटत नाही.” मी आवाजाची पातळी कमी केली, ती नेहमीची चूक. तरी नाही. मग ध्यानात आलं. अण्णांचा रेडिओ तीस वर्षांचा जुना. बटण दाबल्यावर तो लगेच बोलत नाही; आधी खाकरतो, घसा साफ करतो, मग बोलतो. नवा संगणक मात्र बटण दाबताक्षणी पाकीट सोडत होता आणि प्रत्येक पाकिटाचं डोकंच कापलं जात होतं. डोक्यावर पत्ता असतो. बिनपत्त्याचं पाकीट कोण घेणार? प्रोग्रॅममध्ये एक आकडा असतो, बोलण्यापूर्वी किती थांबायचं त्याचा. तो सेकंदाच्या तीन दशांशावरून पाच दशांशावर नेला. म्हाताऱ्या माणसाला दोन दशांश सेकंद जास्त द्यायचे, एवढंच. लगेच दादांचा फोन आला : “सुटलं!” अण्णांना तो ऐकू आला नाही, पण त्यांनी स्पीकरच्या जाळीवर बोटं ठेवली होती आणि ती थरथर ते मोजत होते.

साताऱ्याला परत आलो आणि नऊ वाजता पहिला निरोप पाठवला. आता देवनागरी चालते. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, त्यात काना, मात्रा, हलन्त सगळी वेगळी मोजायची. रोमनच्या तिप्पट जागा. पण भट आणि भात यांत घोळ होत नाही. घाईघाईत मी लिहून गेलो :

“अण्णा, ऐकू येतंय का?”

मजकुराचे पन्नास बाइट. बाराशेच्या गतीनं सेकंदाचा तिसरा हिस्सा. पाठवून झाल्यावर मी कपाळावर हात मारला. बहिऱ्या माणसाला काय विचारलं मी हे! मिनिटाभरानं पडद्यावर ओळ उमटली :

“ऐकू येत नाही. पण पोचलं.”

मी हसलो, आणि हसता हसताच ठरवलं, की आज नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही. हौशी रेडिओवर गुप्त भाषेत बोलायला बंदी आहे. जे बोलायचं ते उघड, कुणीही ऐकावं असं. पाचगणीहून ते दादांच्या यंत्राच्या तोंडून पुढे जाणार. असा चव्हाट्यावरचा कबुलीजबाब देण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी लिहिलं :

“अण्णा, काकूंचा तो निरोप माझ्या यंत्रानं घेतला होता. मी तो या वर्षी वाचला. तुम्ही विचारलंत तेव्हा मी न समजता ‘हो’ म्हटलं.”

दोन पाकिटं झाली. दोन-तीन सेकंदांत पाचगणीमार्गे वाईच्या यंत्राची पोच आली : दोन्ही मिळाली. मी तिच्याकडे बघत राहिलो. ही पोच कशाची? मजकूर शाबूत पोचल्याची. पुढे माणूस बसलाय की नाही, त्यानं वाचलं की नाही, वाचून त्याला काय झालं, यांतलं काहीही ही पोच सांगत नाही. सतरा वर्षांपूर्वी अशीच एक पोच घेऊन अण्णा त्या टेबलाशी बसले असतील. त्यांनी रविवारची वाट पाहिली असेल.

आतून सौ.नं विचारलं, “जेवायला वाढू का?” मी म्हटलं, “थांब जरा.” घड्याळ समोरच होतं. अकरा मिनिटं गेली. मग ओळ आली :

“पोचलं. तिला सांगतो. उद्या नऊला ये.”

त्याला आता वर्ष झालं. कधी दादा स्ट्रॉबेरीच्या रोपांचे भाव सांगतात, कधी अण्णा एखाद्या शब्दाच्या व्युत्पत्तीवरून माझी परीक्षा घेतात. चिपळुणात ताईच्या शेजारच्या एका तरुणानं परीक्षेची तयारी चालवली आहे. सह्याद्री ओलांडायला मध्ये एक घर शोधतो आहोत. पूर येईल तेव्हा आम्ही काय दिवे लावू ते ठाऊक नाही. पण कुणी हाक मारली तर तिथे माणूस बसलेला असेल, एवढी व्यवस्था आम्ही रोज नऊ वाजता क्षुल्लक बोलून करतो.

आणि वर्गात? फळ्यावर ‘पोच’ हा शब्द मी अजून लिहितो. दोन अर्थही सांगतो, कारण परीक्षेत ते विचारतात. फक्त त्यांच्यापुढे एक आणि दोन असे आकडे आता घालत नाही. मागल्या बाकावरच्या मुलाची आजी बरोबर होती.

आता आवरतं घेतो. नऊला पाच कमी आहेत, आणि अण्णांना वाट पाहायला लावायची नाही असा नियम मी केला आहे. हा तर कुठल्याच पुस्तकातला नाही.